फणेरपेटीतला आरसा

कुसुमताई नाखवांवर लिहायला बसलोय हे कळल्यावर बायको म्हणाली, "खरं लिहा हं. तुम्ही त्या बाईवर जळत होतात." होतो. अजूनही जळतो. बत्तीस वर्षं मी नौपाड्यात टीव्ही दुरुस्तीचं दुकान चालवतोय. रेडिओ-टीव्हीचा डिप्लोमा फ्रेम करून भिंतीवर लावलाय. विजेची लाट पडद्यावर दाखवणारा ऑसिलोस्कोप घेतला तेव्हा पेढे वाटले होते. आणि कोपरीतली एक बाई कापडी पिशवीतून लाकडी फणी काढते आणि माझं तीन दुपारांचं काम चहा निवायच्या आत उरकून मोकळी होते. यावर ज्याला जळावंसं वाटणार नाही, त्याने खुशाल मला नावं ठेवावीत.

आमच्या धंद्याचं काय झालं ते आधी सांगतो. पिक्चर ट्यूबचे टीव्ही गेले. आता भिंतीवर पाटी लावावी तसा टीव्ही लावतात, तो बिघडला की आतलं पॅनल बदलतात किंवा सरळ नवा आणतात. मी रिमोट आणि वायरी विकू लागलो. भाचा म्हणत होता, मामा, दुकान मला द्या, मोबाईलची कव्हरं ठेवतो. तेवढ्यात डोंबिवलीत मंदार नावाच्या गृहस्थाने खाण्याचं दुकान काढलं आणि आपल्या लहानपणीची व्हिडिओ गेमची मशीनं शोधून शोधून तिथे आणून मांडली. ती कपाटाएवढी लाकडी मशीनं, नाणं टाकायचं, दांडा फिरवायचा, बटणं बडवायची. एक-दोन करता करता आठ झाली. त्या प्रत्येकाच्या पोटात जुनी पिक्चर ट्यूब, आणि ती दुरुस्त करणारी ठाणे ते कल्याण पट्ट्यात दोनच माणसं उरलेली. लोक सांगताना "कोपरीच्या कुसुमताई आणि नौपाड्याचे दामले" असं सांगायचे. क्रम लक्षात घ्या.

पहिली भेट मंदारच्या दुकानातच झाली. विमानाच्या गेमचं मशीन होतं. आवाज येत होता, पडदा काळा. मी मॉनिटर बाहेर काढून टेबलावर लावला तर चित्र स्वच्छ. परत कपाटात बसवला की मेला. दोन दुपारी असंच चाललं. तिसऱ्या दुपारी मी निदान केलं की मॉनिटर ठणठणीत आहे, खोट गेमच्या बोर्डात आहे, आणि हे बोर्ड आता मिळत नाहीत. मंदार मान खाली घालून म्हणाला, "काका, राग मानू नका, पण मी कोपरीच्या एका बाईंना बोलावलेलं आहे. त्या आल्यातच."

आल्या त्या. साठीला टेकलेल्या, बुटक्या, अंगाने भरलेल्या. सुती साडी, अंबाड्यात अबोलीचा गजरा, खांद्याला कापडी पिशवी आणि त्या पिशवीला सुकटीचा मंद वास. माझ्याकडे बघून हसल्या, मशीनकडे बघून जास्त हसल्या. मी बोर्डाची सगळी हकिगत सांगायला तोंड उघडलं, तर म्हणाल्या, "थांबा भाऊ. आदी नाणं."

पिशवीतून एक फणेरपेटी निघाली. आमच्या आजीकडे होती तसली, लाकडी, झाकणाच्या आत आरसा. तिच्यातून त्यांनी जुना रुपया काढला, मशीनमध्ये टाकला आणि काळ्या पडद्यासमोर उभ्या राहून खेळायला लागल्या. मला वाटलं, बाई चक्रम आहे. पडद्यावर काही नाही, आणि ह्या दांडा डावीकडे, उजवीकडे, बटण टकटक टकटक. आतून धडाम् धडाम् आवाज येतायत. एकदा वेगळीच पिपाणी वाजली तेव्हा म्हणाल्या, "दुसरा डाव लागला." मिसळ खाणारी माणसं ताटं सोडून उठली. तिसऱ्या डावापर्यंत जाऊन त्यांनी हात काढले आणि मंदारला म्हणाल्या, "तुजा बोर्ड जिता हाय. सगला बराबर खेलतो. खोट मॉनिटरमदीच."

मग पेटीतली फणी काढली, शिसवी, जाड दातांची. मागचं दार उघडून, मशीन चालू ठेवून, फणीच्या पाठीने त्या आत टिचक्या मारत गेल्या. इथे टुक, तिथे टुक. समोर स्टुलावर पेटी उघडी ठेवली होती, म्हणजे मागे उभं राहून झाकणाच्या आरशात पडदा दिसावा. आठव्या का दहाव्या टिचकीला पडदा भक्कन उजळला आणि गेला. "हा बगा," म्हणाल्या. ट्यूबच्या शेपटीला जो सॉकेट असतो, त्याच्या एका कथलाच्या टाक्याला केसाएवढी भेग होती. आमच्या धंद्यात त्याला 'ड्राय' म्हणतात. टेबलावर मोकळा असला की टाका जुळायचा, कपाटात वायर ताणली की सुटायचा. मी मीटर लावून लावून थकलो होतो. टिचकी मारायचं मला सुचलं नव्हतं.

टाका लावून झाल्यावर त्यांनी पेटीतून नेलपॉलिशची बाटली काढली. मरून रंगाची. चित्र जिथे जुळवतात त्या बारक्या स्क्रूवर एक ठिपका दिला, म्हणजे तो हलायचा नाही. आम्ही लाख लावायचो किंवा काहीच लावायचो नाही. त्यानंतर मी कुठलंही जुनं मशीन उघडलं, कल्याणात, मुलुंडात, अगदी माझ्या दुकानाच्या मागच्या गल्लीतल्या क्लबात, की आत तो मरून ठिपका दिसायचा. बाई माझ्या आधी येऊन गेलेली. मी स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवून आधी एक शिवी द्यायचो आणि मग कामाला लागायचो.

त्यांचं शिक्षण किती, हे मी मुद्दाम काढून घेतलं. नववी. मग टीव्हीच्या एका कारखान्यात लाइनवर उभं राहून रंग जुळवायचं काम. लाल, हिरवा, निळा एकावर एक बसेपर्यंत स्क्रू फिरवायचा, की पुढचा सेट. कारखाना बंद पडला तेव्हा नवऱ्याने कोपरीत घराच्या पुढच्या खोलीत गेमची दोन मशीनं लावली होती. पुढे मशीनं, मध्ये पार्टिशन, मागे ताईंची चूल. "मी गेम कवा बगलाच नाय," त्या सांगायच्या. "मासली तलता तलता निसता ऐकला. कंचा पोर जिकला, कंचा मेला, मना चुलीवरून कलायचा." नवरा गेला, मशीनं विकली, पण कानातला गेम राहिला. म्हणजे मी डिप्लोमाला दोन वर्षं घालवली ती वर्षं ह्या बाईने बोंबील तळण्यात घालवली आणि शेवटी पुढे त्याच होत्या.

मी त्यांची विद्या चोरायचा प्रयत्न केला, हे कबूल करतो. बायकोची लाकडी फणी उचलून दुकानात नेली. ती दोन दिवस शोधत होती. आरसा आणला. एक मशीन दुरुस्तीला आलेलं असताना शटर अर्धं ओढून, पडद्यावर पंचा टाकून, नुसत्या आवाजावर विमान उडवून पाहिलं. सुरुवातीलाच तीन वेळा मेलो. चौथ्यांदा नाणं टाकताना बायको डबा घेऊन आली. तिने पंच्याकडे पाहिलं, फणीकडे पाहिलं, आणि डबा ठेवून काही न बोलता निघून गेली. त्यापेक्षा चार शब्द बोलली असती तर बरं झालं असतं.

ताईंना माझा ऑसिलोस्कोप दाखवायची मात्र मला फार हौस होती. एकदा स्टेशनवरून येताना त्या दुकानात शिरल्या, तेव्हा मी तो सुरू करून हिरवी लाट नाचवून दाखवली. वाटलं, बाई जरा दबेल. त्यांनी अगदी मन लावून बघितलं, दोन-तीन नेमके प्रश्न विचारले, "झ्याक हाय वो!" म्हणाल्या. त्यात खोट नव्हती, खवचटपणा नव्हता. आणि मग पुन्हा कधीही त्याचं नाव काढलं नाही. माणूस हेवा करत नसला की त्याचं काय करायचं ते मला कळत नाही. मी कितीही काही मिळवलं तरी त्यांना खुशाल आनंद व्हायचा.

आता जे सांगायचंय ते हे. मंदारने ठरवलं की आठही मशीनं वर्षभर एकाच माणसाकडे सोपवायची. दर आठवड्याला यायचं, पुसायचं, जुळवायचं, बिघडलं तर बघायचं. हे काम मिळालं तर माझं दुकान दुकान राहणार होतं. नाही मिळालं तर दिवाळीनंतर तिथे मोबाईलची कव्हरं. दसऱ्याच्या आधी त्याने गाड्यांच्या शर्यतीचं मशीन माझ्याकडे टेम्पोने पाठवलं. म्हणाला, "काका, हे एक करून दाखवा, मग ठरवूया."

मी जीव ओतला. त्या मशीनची ट्यूब, टाके, वायरी, सगळं असं केलं की आयुष्यात तसं काम मी केलं नव्हतं. चित्र असं लागलं की रस्त्यावरून जाणारे थांबायचे. खंडेनवमीला आम्ही दुकानात हत्यारांची पूजा करतो, मीटर, टाके लावायचा कैया, स्क्रू ड्रायव्हर, सगळ्यांना झेंडू. दरवर्षी मशीनं बंद असतात, बाहेरून गंध लावायचं आणि झालं. त्या वर्षी मी मागचं दार उघडून ठेवलं. देवाने बघावं म्हणून, असं मी बायकोला सांगितलं. खरं म्हणजे शेजाऱ्यांनी बघावं म्हणून. ट्यूबच्या कुशीत एक रबरी टोपी असते, तिच्याखाली वीस-बावीस हजार व्होल्ट असतात. मशीनचा जीव तिथे असतो, म्हणून मी त्या टोपीवर अनामिकेने कुंकवाचं बोट टेकवलं. नारळ फोडला आणि फुलाने पाणी शिंपडलं, आतही, भरपूर. दोन दिवसांनी मशीन डोंबिवलीला गेलं. मंदार बेहद्द खूश झाला.

पाचव्या दिवशी त्याचा फोन. "काका, पडदा एकदम डेड. मी ताईंनापण बोलावलंय, म्हणजे लवकर होईल." मी रिक्षात बसून अख्खा रस्ता त्या 'पण'वर जळत गेलो.

मी पोचलो तेव्हा ताई आधीच खेळत होत्या. काळ्या पडद्यावर गाडी चालवत होत्या, मागे गिऱ्हाईकं उभी. "गारी पलते बराबर," म्हणाल्या. स्टुलावर पेटी उघडी ठेवली, मशीन बंद केलं, वायर टेकवून ट्यूबमधला करंट उतरवला आणि मागे गेल्या. मी मशीनच्या पुढे उभा होतो, हाताची घडी घालून. बराच वेळ आतून काही आवाज नाही. फणीसुद्धा नाही. मग मला मशीनच्या लाकडावर मुंग्या दिसल्या. बारीक लाल मुंग्यांची रांग, जमिनीवरून वर, मागच्या जाळीतून आत. आणि मला नारळाचं पाणी आठवलं. चिकट, गोडूस पाणी त्या टोपीच्या भोवती वाळलेलं, त्यात कुंकू कालवलेलं, त्याला दमट हवेचा ओलावा धरलेला. त्यातून व्होल्टेज निसटत असणार आणि मॉनिटर स्वतःला वाचवायला बंद पडत असणार. बत्तीस वर्षांचा मिस्त्री, आणि मी हाय व्होल्टेजवर नारळपाणी शिंपडलं होतं.

त्याच वेळी ताई मागून वाकल्या आणि स्टुलावरच्या आरशात आमची नजरानजर झाली. त्यांना टोपीवरचं माझं कुंकवाचं बोट दिसलं होतं, हे मला त्यांच्या डोळ्यांत दिसलं. मी नजर काढून घेतली.

"काय झालेलं ताई?" मंदारने विचारलं. सगळी गिऱ्हाईकं ऐकत होती. माझं दुकान त्या बाईच्या जिभेवर होतं.

ताईंनी टोपी पुसलेला स्पिरिटचा बोळा पिशवीत टाकला, मशीन चालू केलं. चित्र आलं, माझंच ते, झगझगीत. "ड्राय होता," त्या म्हणाल्या. "ड्राय कोनाला पन येतो. काम झ्याक केलंय यांनी. असा चित्र मी पन लावला नसता. यांनाच दे काम. मना कसाला दर हप्त्याला डोंबिवली?"

काम मला मिळालं. दुकान वाचलं. आणि त्या दिवसापासून मी त्यांच्यावर पूर्वीपेक्षा जास्त जळायला लागलो. हुशारीवर जळणं सोपं असतं, आपणही शिकू असं वाटतं. पण आठ मशीनांचं काम समोर असताना ते दुसऱ्याच्या ओंजळीत टाकून पिशवी उचलून चालू लागायचं, हे मी कुठून शिकणार? मी असतो तर मुंग्या मोजून दाखवल्या असत्या. पायरी उतरताना त्या माझ्याजवळ थांबल्या आणि हळूच म्हणाल्या, "दामलेभाऊ, नारल उंबऱ्याशी फोडावा. देव भाएर पन असतो." एवढंच. नंतर कितीतरी वेळा भेटल्या, तो विषय त्यांच्या तोंडून पुन्हा निघाला नाही. मीही मंदारला अजून सांगितलेलं नाही. हे छापून आलं तर वाचेल.

पुढे चार वर्षं मी ती मशीनं सांभाळली. या चार वर्षांत ताईंचं येणं कमी झालं. हाताला कंप सुटला होता, कैया धरवत नव्हता. त्या कल्याणजवळ मोहन्याला लेकीकडे राहायला गेल्या. मी बायकोला म्हणालो, "चला, आता एकटा मीच." ती म्हणाली, "मग आनंद झाला का?" मी चहा मागितला.

या वर्षी उन्हाळ्यात विमानाचं मशीन बिघडलं, तेच पहिलं. पडद्यावर नुसती एक आडवी रेघ. मंदार म्हणाला, "काका, त्या मशीनसाठी ताईंना आणूया का? बसतील नुसत्या. त्यांना बरं वाटेल." मी हो म्हणालो. मला त्यांना दाखवायचं होतं की मी फणी चालवायला शिकलोय.

ताई आल्या. वाळल्या होत्या, गजरा मात्र होता. त्यांचे हात मी बघायचे टाळले. "आदी नाणं," म्हणाल्या, आणि पेटी माझ्यापुढे केली. नाणं मी टाकलं. खेळल्या नाहीत, "आज तुमी," म्हणाल्या. मी दोनदा मेलो, पण तेवढ्यावर बोर्ड जिता आहे हे कळलं. मशीन आता कोपऱ्यात होतं, मागे शिरायला ते पुढे ओढलं की समोर स्टुलाला जागा उरत नव्हती. मंदार आरसा धरायला पुढे झाला, तर त्या म्हणाल्या, "मी धरते. मना काय तरी करू दे रे."

मी मागे गेलो. टुक, टुक. पाचव्या टिचकीला ड्राय सापडला. पाचव्या! टाका लावला, मशीन सुरू केलं, आणि कडेने वाकून ताईंच्या हातातल्या आरशात पाहिलं. चित्र आलं होतं, पण हलत होतं. बारीक, सारखं, थरथर. मी स्क्रू फिरवला. हलतंच. दुसरा फिरवला. हलतंच. "अजून हलतंय ताई," मी मागून ओरडलो. मी आणखी एक टाका तापवला. लोक जमले होते. "काका, जमत नाहीये का?" मंदारने विचारलं. शेवटी चिडून मी पुढे आलो आणि पडद्याकडे सरळ पाहिलं.

चित्र स्थिर होतं. ढग, विमान, आकडे, सगळं जागच्या जागी. हलत होता तो आरसा. ताईंनी तो दोन्ही हातांनी, छातीशी टेकवून, जेवढा घट्ट धरता येईल तेवढा धरला होता, आणि तरी तो हलत होता. त्यांना ते माहीत होतं. मी मागे टाक्यांमागून टाके तापवत होतो तेव्हाही माहीत होतं, आणि तोंडातून शब्द फुटत नव्हता. त्या बाईला मी पहिल्यांदा ओशाळलेली पाहिली. इतकी वर्षं मी याच दिवसाची वाट पाहत होतो, आणि मला ते बघवेना.

"काय झालेलं काका?" मंदार म्हणाला. "का हलत होतं?"

"ड्राय होता," मी म्हणालो. "माझाच टाका कच्चा राहिला होता. आता बसला."

ताईंनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. मी या खेपेला नजर काढली नाही. मग त्यांनी पेटी टेबलावर ठेवली, मरून बाटली काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "ठिपका द्या." मी दिला. ब्रश जरा जास्तच बुडवला गेला, ओघळ आला. "फार झाला," त्या म्हणाल्या. त्यांचा असता तर नेमका बसला असता, हे मला तेव्हाही टोचलंच.

जाताना त्या पेटी मला देतील असं मला वाटलं होतं. खोटं कशाला सांगू, मी हात मोकळे ठेवले होते. त्यांनी दिली नाही. नेलपॉलिशची बाटलीसुद्धा आठवणीने परत मागून घेतली. मंदारने रिक्षा थांबवली, मी त्यांना आत बसवलं. पेटी मांडीवर घेऊन, तिच्यावर दोन्ही हात ठेवून त्या बसल्या आणि म्हणाल्या, "येते वो भाऊ." रिक्षावाल्याने दांडा ओढला. जुनी रिक्षा होती, चालू झाल्याबरोबर छत, सीट, ताई, पेटी, सगळंच थरथरायला लागलं. त्यात त्यांच्या हातांचं कुणालाच काही कळलं नसतं.